सारफथच्या विधवेचे मडके : संकटकाळातील चमत्कारश्रद्धा आणि मराठी ख्रिस्ती साक्षवाङ्मय

प्रस्तावना

रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका नदी रेवदंडा आणि कोर्लई या दोन गावांच्या मधून समुद्राला मिळते. कोर्लईला पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे. १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांच्या ताब्यात आला, पोर्तुगीज निघून गेले, परंतु ही वस्ती आपली पोर्तुगीज-मिश्रित बोली आणि आपला धर्म जपत तेथेच राहिली. तिचे चर्च कार्मेल डोंगराच्या मातेच्या नावाचे आहे. कार्मेल हा बायबलमधील एलीया संदेष्ट्याचा डोंगर होय. दुसरीकडे पेण, रोहा, अष्टमी या गावांच्या नावांवरून पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावे धारण करणारा बेने इस्राएल समाज शतकानुशतके संकटाच्या वेळी याच संदेष्ट्याचे ‘एलियाहू हनाबी’ म्हणून स्मरण करीत आला. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावरची खूण एलियाहूच्या रथाची आहे, अशी या समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडताना किंवा संकट टळल्यावर पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून त्याच्या नावाने आभार मानले जातात. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, तरी पेणचे सिनेगॉग आणि गावोगावची आडनावे ही साक्ष मागे राहिली आहे.

एका जिल्ह्यातील दोन भिन्न धर्मसमाजांच्या श्रद्धेत एकच संदेष्टा यावा, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. एलीया हा मुख्यतः दुष्काळातील संदेष्टा आहे. त्याच्या कथेतील सर्वांत प्रसिद्ध चमत्कार उपासमारीच्या काळातला आहे. संकट आणि चमत्कार यांचे नाते तपासण्यासाठी त्यामुळे ही कथा एक चांगली कसोटी ठरते. प्रस्तुत लेखात ही कसोटी मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाला, विशेषतः पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाला, लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासविषयाची मर्यादा

चमत्कार घडतात की नाहीत, हा या लेखाचा विषय नाही. चमत्काराची साक्ष कितपत विश्वसनीय मानावी, हा प्रश्न डेव्हिड ह्यूम याने १७४८ मध्येच कठोरपणे उपस्थित केला आणि त्यावरील वाद अद्याप चालू आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे. चमत्काराची कथा सांगणारा माणूस कोणासाठी सांगतो, काय गाळतो, आणि ज्यांच्या वाट्याला तो चमत्कार आला नाही त्यांना त्याच्या कथेत जागा आहे काय, हा तो प्रश्न होय.

रायगड जिल्ह्यातील अध्यापकाला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार केला. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर ‘देवाने वाचविले’ हे वाक्य सर्व धर्मांच्या माणसांच्या तोंडी ऐकू येते. ते खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्याच गावात ते वाक्य ऐकणारी, आपले माणूस गमावलेली व्यक्तीही असते. तिच्या कानांनी ते वाक्य ऐकून पाहणे हे समीक्षेचे काम आहे.

चमत्कार : शब्द आणि संकल्पना

मराठीत ‘चमत्कार’ हा शब्द संस्कृत काव्यशास्त्रातून आला आहे. तेथे त्याचा अर्थ चित्ताला होणारा विस्मय, आस्वादातील लोकोत्तर आनंद असा आहे. म्हणजे मूळ अर्थाने चमत्कार बाह्य घटनेत नसून अनुभवणाऱ्याच्या मनात असतो. धार्मिक व्यवहारात हा शब्द सृष्टिनियमांना ओलांडणाऱ्या घटनेसाठी रूढ झाला. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशूच्या अशा कृत्यांना सातत्याने ‘चिन्ह’ म्हटले आहे. चिन्ह स्वतःकडे लक्ष वेधून थांबत नाही, ते आपल्यापलीकडच्या कशाकडे तरी निर्देश करते. चमत्कारकथा वाचताना हा भेद उपयोगी पडतो. काही कथा घटनेपाशी थांबतात, काही तिच्यापलीकडे बोट दाखवितात.

सारफथची कथा : चार विशेष

राजांच्या पहिल्या पुस्तकातील सतराव्या अध्यायात ही कथा येते. देशात अवर्षण पडले आहे. करीथ ओहळाकाठी एलीयाला कावळे अन्न आणून देतात, पण पुढे तो ओहळही आटतो. मग त्याला सीदोन प्रांतातील सारफथ गावी एका विधवेकडे जाण्याची आज्ञा होते. ती वेशीपाशी काटक्या गोळा करीत असते. घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले आहे. त्याची भाकर करून मुलासह खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, एवढेच तिच्यापुढे आहे. एलीया तिच्याकडे आधी स्वतःसाठी लहानशी भाकर मागतो. ती देते. पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातील पीठ सरत नाही आणि कुपीतील तेल आटत नाही.

या कथेचे चार विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की मदत श्रीमंताकडून येत नाही. ती उपाशी माणसाने आपला शेवटचा घास पुढे केल्यावर सुरू होते. दुसरा असा, की कोठार भरत नाही. रोजचे पीठ रोज पुरते, एवढेच. तिसरा असा, की चमत्कारानंतरही संकट संपत नाही. त्या विधवेचा मुलगा आजारी पडून दगावतो, ती संदेष्ट्याला जाब विचारते आणि संदेष्टा स्वतः देवाकडे तक्रार करतो. तक्रारीनंतरच मुलगा पुन्हा जिवंत होतो. म्हणजे तक्रार ही येथे अश्रद्धा मानलेली नाही.

चौथा विशेष शेकडो वर्षांनंतर जोडला गेला. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्या नासरेथ गावच्या सभास्थानात या कथेची आठवण देतो. एलीयाच्या काळी इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, तरी तो त्यांपैकी कोणाकडेही पाठविला गेला नाही, परक्या मुलखातील एकीकडेच पाठविला गेला, असे तो सांगतो. ऐकणारे इतके संतापतात की त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटून देऊ पाहतात. ‘बाकीच्यांचे काय?’ हा प्रश्न आधुनिक संशयवाद्याने बाहेरून आणलेला नाही. तो या परंपरेच्या पोटातच आहे आणि तेथेही तो ऐकणाऱ्यांना सोसवलेला नाही.

येथे बेने इस्राएलांच्या मूळकथेचे स्मरण होते. त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असता नवगावच्या किनाऱ्यानजीक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि ज्यांची प्रेते किनाऱ्याला लागली त्यांना वाचलेल्यांनी नवगावलाच मूठमाती दिली, अशी परंपरा आहे. ही सुटकेची कथा आहे, पण तिचे स्थळ एक दफनभूमी आहे. वाचलेल्यांच्या वंशजांनी आपला आरंभ सांगताना बुडालेल्यांना वगळले नाही. चमत्कारकथेची नैतिक प्रतिष्ठा कशात असते, याचे याहून जवळचे उदाहरण रायगडच्या वाचकाला शोधावे लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि भाषांतरांतून बायबल मराठीत आले. बेने इस्राएलांनी जुन्या कराराच्या कथा मराठीत वाचल्या त्या मुख्यतः याच मार्गाने, आणि १८८० च्या सुमारास त्यांवर मराठी कीर्तनेही रचली. त्याच भाषांतरांच्या आधारे मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या जीवनातील घटना ‘साक्ष’ म्हणून सांगू लागला. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासून (१८८८) ही आत्मकथनाची वाट ठळक होते. पुढील दोन लेखिका या वाटेवरच्या असूनही एकमेकींपासून फार भिन्न आहेत.

पंडिता रमाबाई : न ऐकलेल्या आणि ऐकलेल्या प्रार्थना

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ‘फॅमिन एक्स्पीरियन्सेस’ (१८९७) आणि ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ (१९०७) ही दोन आत्मपर पुस्तके इंग्रजीत लिहिली. मराठी ख्रिस्ती अनुभवाचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या नावातील न संपणारा ठेवा वाचताना सारफथचे न सरणारे मडके आठवल्यावाचून राहत नाही.

रमाबाईंच्या लेखनाचे बळ त्यांनी स्वतः भोगलेल्या दुष्काळात आहे. १८७० च्या दशकात दक्षिणेत तीर्थाटन करीत असता त्यांचे कुटुंब अन्नान्न झाले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रवचनांवर विसंबून अनुष्ठाने केली, हाती होते ते दानधर्मात खर्चिले, पण मदत आली नाही. अनेक दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढल्यानंतर आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती यांचाही मृत्यू झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या, त्यामागे ही स्मृती होती. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. एवढ्या माणसांचा रोजचा शिधा प्रार्थनेच्या आधारावर मिळत राहिला, ही त्यांची साक्ष आहे.

या साक्षीत एक शंकास्थळ आहे आणि ते आदराने पण स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. वडिलांच्या अनुष्ठानांना उत्तर मिळाले नाही, हे रमाबाईंच्या लेखनात त्या श्रद्धेच्या विफलतेचे प्रमाण ठरते. मुक्तिसदनातील प्रार्थनेला उत्तर मिळाले, हे नव्या श्रद्धेच्या सत्यतेचे प्रमाण ठरते. पण दुष्काळातून आणलेल्या सर्वच मुली जगल्या नाहीत. उत्तर न मिळणे हे एका ठिकाणी प्रमाण असेल, तर दुसऱ्या ठिकाणी ते का नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. साक्षीच्या लेखनप्रकाराची ही अंगभूत अडचण आहे. साक्ष श्रोत्याला पटवून देऊ पाहते आणि पटवून देताना विरुद्ध जाणारा पुरावा मागे सरतो.

तथापि रमाबाईंचे कार्य त्यांच्या युक्तिवादापेक्षा मोठे आहे. मुक्तिसदनात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, तेलघाणा आणि माग चालले, छापखाना उभा राहिला. मडक्यातील पीठ सरू नये म्हणून दररोज कोणी तरी दळावे लागते, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. शिवाय ज्यांच्या घासाला एकेकाळी कोणी विचारले नाही, त्याच मुलीने पुढे शेकडो मुलींना घास दिला. हा सारफथच्या कथेचा पहिला विशेष होय. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्या आघातानंतर त्यांनी दुसरी साक्ष लिहिली नाही. हिब्रू व ग्रीक भाषांतून साऱ्या बायबलचे, खेड्यातील साध्या बाईला कळावे असे, मराठी भाषांतर मात्र त्यांनी मृत्यूपूर्वी पुरे केले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘पुष्कळ विधवा होत्या’ हे वाक्य मराठीत उतरविताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे सांगता येणार नाही. पण युक्तिवादानंतर आलेले हे श्रम, दुःखाला दिलेले त्यांचे अखेरचे उत्तर म्हणून वाचता येतात.

‘स्मृतिचित्रे’ : मडक्याचा तळ पाहणारी बाई

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झाली. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले, हा प्रसंग टिळकचरित्रात चमत्काराच्या तोलाचा आहे. ठरल्यासारखे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ही भाकीत खरे ठरण्याची कथा आहे. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर हाच दिवस संसार उद्ध्वस्त होण्याचा आहे. पुढे सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. एकाचा चमत्कार तो दुसऱ्याचे संकट, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती वाङ्मयात इतक्या निर्भयपणे प्रथम याच ग्रंथात आली आहे. विशेष म्हणजे ग्रंथ लिहिताना लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. साक्षीच्या रूढ पद्धतीनुसार त्यांना मागील दुःखावर ईश्वरी योजनेचे पांघरूण घालता आले असते. त्यांनी ते घातले नाही.

त्यांचे स्वतःचे परिवर्तन कसे झाले हेही या संदर्भात महत्त्वाचे आहे. दृष्टांत नाही, आकाशवाणी नाही. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई राहुरीला जातिभेदाचा विचार करीत बसते. पशुपक्षी आणि वनस्पती यांत जाती दिसतात, माणसामाणसांत तसा भेद दिसत नाही, असे तिच्या मनात येते आणि उद्यापासून कोणाच्याही हातचे खायचे असे ती ठरविते. संस्कृत काव्यशास्त्रातील अर्थाने हाच चमत्कार आहे. घटना मनात घडते आणि ताटात दिसते.

‘स्मृतिचित्रे’तील विनोदाकडे आपण बहुधा शैलीचा गुण म्हणून पाहतो. सारफथच्या कथेशेजारी ठेवून पाहिल्यास त्याला दुसरा अर्थ येतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. घरात उद्याची सोय नसताना ते दुसऱ्याला देऊन मोकळे होत. भाविक चरित्रकार याला विश्वासाचे जीवन म्हणेल आणि ते खोटेही नाही. पण कथेत दोन पात्रे आहेत. एक आधी भाकर मागणारा संदेष्टा आणि दुसरी मडक्याचा तळ पाहणारी बाई. बायबलमधील कथा संदेष्ट्याच्या बाजूने सांगितली आहे, तर ‘स्मृतिचित्रे’ मडक्यापाशी उभ्या असलेल्या बाईने सांगितली आहे. तिला पतीचे मोठेपण मान्य आहे, देवावर तिचा विश्वास आहे आणि तरी पीठ किती उरले आहे हे ती वाचकाला सांगितल्यावाचून राहत नाही. तिचा विनोद म्हणजे सारफथच्या विधवेने विचारलेला जाब आहे, फक्त हसत विचारलेला. श्रद्धा आणि हिशेब एकाच घरात नांदू शकतात, हे या ग्रंथाने जितके पटविले तितके कोणत्याही प्रवचनाने पटविलेले नाही.

आभार आणि कारणमीमांसा

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. संकटातून सुटलेला माणूस कृतज्ञतेने बोलतो, त्याच्या उद्गारावर साऱ्या मृतांचे ओझे का टाकावे? हा आक्षेप रास्त आहे. पण आभार आणि कारणमीमांसा यांत फरक केला पाहिजे. ‘मी वाचलो, देवाचे उपकार’ हे आभार आहेत. ‘माझा विश्वास होता म्हणून मी वाचलो’ ही कारणमीमांसा आहे आणि तिच्यात न वाचलेल्याच्या विश्वासाविषयी एक न उच्चारलेला निकाल दडलेला असतो. नव्या करारात या निकालाला थेट नकार आहे. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक दोषी होती असे समजू नका, असे येशू लूकच्या तेराव्या अध्यायात सांगतो. दरडग्रस्त जिल्ह्यात या उताऱ्याइतका समकालीन उतारा दुसरा नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही आपल्या परीने एक रेषा आखली आहे. तथाकथित चमत्कारांचा प्रयोग करून पैसा मिळविणे, लोकांना फसविणे वा धाक घालणे त्याने दंडनीय ठरविले. दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन व प्रसार मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवला. म्हणजे कायद्याने कथा आणि सौदा वेगळे केले. परंतु कोणाचे शारीरिक वा आर्थिक नुकसान न करणारी कथाही एखाद्या दुःखी माणसाला अपराधी ठरवू शकते. तेथे कायद्याचे काम संपते आणि वाचनसंस्काराचे सुरू होते.

निष्कर्ष

१. संकटकाळातील चमत्कारकथेचे मूल्य घटनेच्या अद्भुततेवर ठरत नाही. ज्यांच्या वाट्याला सुटका आली नाही त्यांना ती कथा किती जागा देते, यावर ते ठरते.

२. ही कसोटी बाहेरून लादलेली नाही. सारफथची कथा, तिचे लूकमधील स्मरण आणि शिलोहाच्या बुरुजाचा उल्लेख यांतून ती ख्रिस्ती धर्मग्रंथातच मिळते. नवगावची परंपरा तिला स्थानिक आधार देते.

३. पंडिता रमाबाईंच्या साक्षीत युक्तिवाद जेथे प्रबळ होतो तेथे ही कसोटी काहीशी उणी पडते. त्यांच्या कार्यात आणि अखेरच्या भाषांतरश्रमांत ती भरून निघते.

४. ‘स्मृतिचित्रे’ या कसोटीला सर्वाधिक उतरते, कारण तेथे श्रद्धावान व्यक्तीच संकटाचा हिशेब ठेवते आणि तो चमत्काराच्या भरात पुसून टाकीत नाही.

‘स्मृतिचित्रे’ शिकविताना आपण बहुधा भाषेची साधेपणा, विनोद आणि स्त्रीचे आत्मभान या तीन मुद्द्यांवर थांबतो. पेण-रोह्याच्या वर्गात यापुढे जाता येईल. वर्गातील मुलांपैकी कोणाच्या घरी मलिद्याची आठवण असेल, कोणी नवस फेडला असेल, कोणाच्या गावावर दरड आली असेल. चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, असे सांगणे साहित्याच्या अध्यापकाचे काम नाही. ‘बाकीच्या विधवांचे काय झाले?’ हा प्रश्न कथेच्या शेवटी विचारावयास शिकविणे हे मात्र त्याचे काम आहे. तो प्रश्न विचारल्याने ज्याची श्रद्धा खरी आहे त्याची श्रद्धा उणावणार नाही, आणि ज्याचे माणूस परत आले नाही त्याला वर्गात एकटे बसावे लागणार नाही.